धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या पवनचक्क्या बऱ्याचदा बंदच दिसतात. मग त्यांचा उपयोग काय? आणि त्या ढग पळवतात हे खरं का?

तुम्ही हिवाळ्यात गेला असाल. साक्रीहून नंदुरबारकडे जाताना छडवेल-ब्राह्मणवेलच्या बाजूचे पंखे तेव्हा निम्मे तरी गप्प उभे असतात. आषाढात या, पठारावर नीट उभं राहवत नाही इतका वारा असतो. आपल्याकडे वाऱ्याची वर्षाची बहुतेक कमाई जून ते सप्टेंबरमध्येच होते.

गंमत अशी की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा दुप्पट नाही, आठपट होते. सेकंदाला ३-४ मीटरच्या खाली पंखा वीज देत नाही. १२-१३ मीटरला पूर्ण क्षमता गाठतो. वेग निम्म्यावर आला की हातात येते जेमतेम आठवा भाग. आणि २५ मीटरच्या आसपास वारा गेला, की पाती वळवून तो स्वतःच थांबतो, नाहीतर मोडेल. म्हणजे बंद पंखा बिघडलेलाच असतो असं नाही.

वर्षाची सरासरी क्षमतेच्या २० टक्के धरली, तरी १.२५ मेगावॅटचा एक पंखा सुमारे २२ लाख युनिट देतो. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या अठराशे घरांची ही वर्षाची वीज. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातल्या कोळशाची जागा तो एकटा घेणार नाही, वारा पडला की संपलं. पण पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते, नेमका तेव्हाच वारा जोरात असतो. साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा, मोठा सौर प्रकल्प आहे. दोघं एकमेकांची उणीव बरीच भरून काढतात, एकट्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

आता ढगांचं. आमच्याकडे पारावर हा विषय निघाला की भांडणच होतं! पात्याचं टोक जमिनीपासून फार तर शंभर-सव्वाशे मीटर उंच. पावसाचे ढग कित्येक किलोमीटर जाडीचे असतात, त्यांना हे पंखे काय ढकलणार? आपला भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे म्हणून पाऊस कमी. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा इथे एकही पंखा नव्हता. पवनचक्क्यांच्या जमिनींवरून झालेले वाद मात्र खरे आहेत, ते अफवेत ढकलू नका.

‘पंखे आमच्या दारात, मग शेताला वीज रात्रीचीच का?’ हेही लोक विचारतात. रास्त आहे. पण पंख्याची वीज गावाच्या तारेत येत नाही. बुंध्याजवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून ती ३३ केव्हीवर (३३ हजार व्होल्टवर) चढते, उपकेंद्रात जाते आणि राज्याच्या जाळ्यात मिसळते. शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या लाइनला, किती वाजता वीज सोडायची, हे महावितरणच्या वेळापत्रकावर ठरतं. तेव्हा दिवसा वीज हवी असेल तर भांडण पंख्याशी नाही, त्या वेळापत्रकाशी करावं लागेल.