हॉस्पिटलात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नक्की काय करतो?

तुम्ही विचारलंय की एमएससी फिजिक्स झालंय, युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात रेडिएशन सेफ्टी ऑफिसरचं काम नेमकं काय असतं आणि त्यात स्वतःला धोका किती. मी महाराष्ट्रातल्याच एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात आरएसओ आहे, त्यामुळे जे रोज बघतो तेच लिहितो.

आधी धोक्याचं सांगून टाकतो कारण घरचे तेच विचारणार. आपल्याकडे एईआरबीची (रेडिएशनवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळणाऱ्या रेडिएशनच्या डोसचं एकक) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर जाता येत नाही. सामान्य माणसासाठी 1. नीट काम चालणाऱ्या डिपार्टमेंटमधे बहुतेकांचे डोस या मर्यादेच्या खूप खाली असतात, आरएसओचा तर अजूनच कमी, कारण तो दिवसभर मशीनजवळ उभा नसतो. त्यामुळे भीती मनातून काढा.

आता काम. लोकांना वाटतं सर्व्हे मीटर (रेडिएशन मोजायचं हातातलं यंत्र) घेऊन फिरायचं, रीडिंग लिहायचं, झालं. ते आहेच, पण खरं काम म्हणजे हिशोब. कुठला सोर्स (किरणोत्सारी वस्तू) कुठे आहे, त्याची ॲक्टिव्हिटी म्हणजे किरणोत्सार किती आहे, कोणाच्या नावावर आहे, संपल्यावर कुठे जाणार, आणि कोण माणूस कुठे काम करतो आणि त्याचा डोस मोजणारा बॅज खरंच त्याच्या छातीवर आहे का. हे शेवटचं सगळ्यात जास्त डोकं खातं. हा टीएलडी बॅज लेड ॲप्रनच्या (शिशाच्या संरक्षक ॲप्रनच्या) आत छातीवर लावायचा असतो आणि साधारण 3 महिन्यांनी रीडिंगला जातो. कॅथ लॅबमधे (जिथे एक्स-रेखाली अँजिओग्राफी करतात) गेलात की दिसेल, बॅज ॲप्रनला बाहेरून अडकवलेला आणि ॲप्रन खुंटीवर तसाच एक्स-रे रूममधे, किंवा डॉक्टरसाहेब टेबलापाशी आणि बॅज ड्रॉवरमधे. पहिल्यात माणूस चहा पीत असतो आणि त्याच्या नावावर डोस चढतो, दुसऱ्यात माणसाला डोस मिळतो आणि कागदावर शून्य येतं. मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते, कारण जास्त आलेल्या रीडिंगची निदान चौकशी तरी होते, शून्याला कोणीच काही विचारत नाही.

न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे पेशंटला किरणोत्सारी औषध देणारं डिपार्टमेंट, त्यामानाने शिस्तीचं असतं. स्कॅनसाठी वापरायचं टेक्नेशियम-99m 6 तासात निम्मं होतं, आयोडिन-131 ला 8 दिवस लागतात, म्हणून ते दिलेल्या थायरॉइड कॅन्सरच्या पेशंटला वेगळी खोली आणि त्या खोलीच्या संडासाचं पाणी थेट ड्रेनेजला न सोडता डिले टँकमधे, म्हणजे किरणोत्सार कमी होईपर्यंत साठवायच्या टाकीत. कचऱ्याच्या पिशवीवर तारीख टाकून ती साधारण 10 हाफ लाइफ (हाफ लाइफ म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ) ठेवायची, म्हणजे आयोडिनला जवळपास 80 दिवस, मग मोजायचं आणि मगच सोडायचं. नवीन हाऊसकीपिंगवाला आला की ही पिशवी इतर कचऱ्यात जायची शक्यता असते, म्हणून मी मावशींचं ट्रेनिंग स्वतः घेतो, मराठीत, आणि रेसिडेंट डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ देऊन.

पण तुम्ही युनिव्हर्सिटी म्हणालात, म्हणून रिसर्च लॅबबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते खरी कसोटी तिथे आहे. हॉस्पिटलात तीच माणसं वर्षानुवर्षं असतात, लॅबमधे पीएचडीची पोरं येतात आणि जातात. पी-32 (किरणोत्सारी फॉस्फरस, यातून बीटा कण निघतात) वापरणारा मुलगा शिशामागे लपून खूष असतो, त्याला सांगावं लागतं की बीटाला आधी पर्स्पेक्स (पारदर्शक जाड प्लास्टिक) लाव, नुसत्या शिशात उलट एक्स-रे तयार होतात. ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) तर आपल्या नेहमीच्या सर्व्हे मीटरला दिसतच नाही, पृष्ठभाग पुसून ते वाइप सिंटिलेशन काउंटर नावाच्या मशीनवर बघावं लागतं. आणि सर रिटायर झाले की त्यांच्या फ्रीझरमधे आणि स्टोअरमधे काय राहिलंय हे कोणालाच माहीत नसतं.

ह्याचं सगळ्यात वाईट उदाहरण दिल्लीचं. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमधे कोबाल्ट-60 चं गॅमा इरॅडिएटर (नमुन्यांवर गॅमा किरण सोडायचं मशीन) होतं, 1985 पासून वापरात नव्हतं. फेब्रुवारी 2010 मधे ते बाकी भंगाराबरोबर लिलावात विकलं गेलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. तिथे कामगारांनी ते तोडलं, आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. एक जण गेला, बाकी अनेक जण हॉस्पिटलात. कोबाल्टची हाफ लाइफ सव्वापाच वर्षांच्या आसपास, म्हणजे 1985 साली जेवढं होतं त्याचं 2010 मधे जेमतेम 4 टक्के उरलं होतं, तरी तेवढं पुरलं. यात कुठलंही मशीन बिघडलं नव्हतं हो, फक्त एका वस्तूचा हिशोब ठेवणारं माणूस राहिलं नव्हतं आणि भंगार काढणाऱ्या कमिटीला ते लोखंड वाटलं. एवढ्या शिकलेल्या लोकांच्या इमारतीतून निघालेल्या वस्तूने एका मजुराचा जीव घेतला, याचा मला आजही राग येतो.

म्हणून जिथे जॉइन व्हाल तिथे पहिल्या आठवड्यात ई-लोरावरची (एईआरबीच्या ऑनलाइन लायसन्स पोर्टलवरची) यादी प्रिंट काढा आणि एकेक सोर्स स्वतःच्या डोळ्याने बघून या, स्टोअर, बेसमेंट, बंद खोल्या सगळं. आणि स्टोअर-खरेदीवाल्यांकडून लेखी घ्या की आरएसओच्या सहीशिवाय कुठल्याही सायन्स डिपार्टमेंटचं भंगार गेटबाहेर जाणार नाही. सुरुवातीला कटकट्या म्हणतील, म्हणू द्या. लायसन्स संस्थेच्या नावावर असतं आणि मुख्य जबाबदारी तिचीच असते, त्यामुळे डीनसाहेबांना हे नीट समजावलं की सही लवकर मिळते.

कोर्सचं म्हणाल तर एमएससी फिजिक्सनंतर बीएआरसीचा (मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा 1 वर्षाचा डिप्लोमा बघा, प्रवेश परीक्षा असते आणि सीट्स कमी असतात. तो झाल्यावर हॉस्पिटल तुमचं नाव एईआरबीकडे पाठवतं, आणि मंजुरी आल्यावरच तुम्ही तिथले आरएसओ.