काकांची पेन्शन दिल्लीत अडकलीय म्हणे

प्रश्न: आई ६२ वर्षांची, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त. बाबा गेल्यावर एकटीच असते. ज्येष्ठ नागरिक संघात तिची ६७ वर्षांच्या एका गृहस्थांशी ओळख झाली. तेही विधुर. बोलायला लाघवी, स्वतःला निवृत्त राजदूत म्हणवतात. १९८२ची बॅच, १९९०मध्ये नैरोबीत राजदूत, नंतर प्राग. दोघांना रजिस्टर लग्न करायचंय. मला आनंदच आहे. पण परवा त्यांनी आईकडे चार लाख हातउसने मागितले, पेन्शन दिल्लीत अडकलीय म्हणून. आईला न दुखावता खरंखोटं कसं करू?
– मुलुंडची लेक

उत्तर:

आधी चार लाखांचं बघू, राजदूत नंतर.

केंद्र सरकारची पेन्शन थेट बँक खात्यात येते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर पेन्शन थांबते आणि दिला की थकबाकीसकट सुरू होते. हल्ली तर मोबाइलला चेहरा दाखवूनही काम होतं. तेव्हा खरंच अडकली असेल तर ती सोडवायला दाखला लागेल, आईची एफडी कशाला मोडायची? "काका, चला, मी येते तुमच्यासोबत बँकेत," एवढं म्हणून बघ. मग काकांना अचानक कामं आठवतात का, तेही कळेल.

आता नैरोबी. केनिया राष्ट्रकुलातला देश, तिथे भारताचा राजदूत नसतो, उच्चायुक्त असतो. यावरून लगेच त्यांना फासावर चढवू नकोस. चारचौघांत सोपं म्हणून खरा उच्चायुक्तही 'राजदूत' म्हणून जाईल. मला खटकतंय ते साल. १९८२ला नोकरीत शिरलेला माणूस १९९०मध्ये सेकंड नाही तर फर्स्ट सेक्रेटरी असतो. नैरोबीसारख्या मोठ्या ठिकाणचा प्रमुख व्हायला त्याला अजून बरीच वर्षं असतात.

ही खुर्चीही काही गुपचूप सांभाळायची नसते. बऱ्याच भारतीय दूतावासांच्या वेबसाइटवर आधीच्या प्रमुखांची नावं आणि सालं असतात. आधी नैरोबीची आणि प्रागची यादी उघड. तिथे नसेल तर दहा रुपयांत माहितीचा अधिकार आहे. मात्र 'अमुक माणसाची सर्व्हिस फाइल द्या' असं लिहू नकोस, खासगी माहिती म्हणून फेटाळतील. 'अमुक साली तिथे मिशनप्रमुख कोण होते' एवढंच विचार. शिवाय भाषा. परराष्ट्र सेवेतल्या प्रत्येकाला सुरुवातीलाच एक परकी भाषा शिकावी लागते. आपले ज्ञानेश्वर मुळे पहिल्या पोस्टिंगला टोकियोत गेले आणि जपानी शिकले. चहा पिता पिता सहज विचार, "काका, तुम्हाला कुठली भाषा मिळाली होती?" खरा माणूस या प्रश्नावर अर्धा तास बोलेल.

आणखी एक शक्यता आहे, माझ्या मते सगळ्यात जवळची. दूतावासात राजदूत एकच असतो. बाकी स्टेनो, अकाउंट्सवाले, सुरक्षेची माणसं, दुसऱ्या खात्यांतून गेलेले. काका त्यांतले असतील आणि निवृत्तीनंतर दर गणपतीत एकेक पायरी वर चढत गेले असतील. फुशारकीच ती, पण घरं बुडवणारी नव्हे. बुडवणारेही असतात म्हणा. जुलै २०२५मध्ये गाझियाबादच्या एका बंगल्यात थाटलेला चक्क बनावट दूतावास पोलिसांनी पकडला. तो 'वेस्टार्क्टिका'चा होता, जो देश जगात कुणी मान्यच केलेला नाही!

आईच्या पाठीमागे हेरगिरी मात्र करू नकोस. निमित्त तुझ्या हातात आयतं आहे. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नातही नव्या बायकोला पुढे फॅमिली पेन्शनचा हक्क मिळतो, पण त्यासाठी तिचं नाव नवऱ्याच्या पीपीओवर चढवावं लागतं. पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूमनामा. त्यावर खातं लिहिलेलं असतं आणि निवृत्त होतानाचा हुद्दाही. "आई, तुझं नाव लावायचंय ना, मग काकांचा पीपीओ बघूया," असं तिच्यासमोरच बोल. यात संशय कुठे आला? उलट तिच्याच हिताचं आहे. पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखलाही त्याच बैठकीत मागून घे. खरं तर राजदूतपदापेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावंच लागतं. पीपीओ बघितल्याशिवाय ती नोटीस द्यायची नाही, हे आईकडून कबूल करून घे. त्यावर 'स्टेनोग्राफर' निघालं, पेन्शन वेळच्या वेळी येत असली आणि आई हसून म्हणाली की चालेल मला, तर तू मध्ये पडू नकोस. कागदच दाखवायला तयार नसतील तर एफडीच्या पावत्या तुझ्या लॉकरमध्ये हलव, आणि काय झालं ते मला कळव.