कोणतं काम कोणाकडे?

प्रश्न : चाकणला आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. दिवाळीच्या आठ दिवसांच्या सुट्टीत पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस मशिनची लाइन नव्या शेडमध्ये हलवायची आहे. शिवाय इलेक्ट्रिक दुचाकीसाठी नवा ब्रॅकेट करायचाय, त्याचं ड्रॉइंग ग्राहक सारखं बदलतो. प्रोजेक्ट मॅनेजर दोघं आहेत. एक अबोल, काटेकोर. दुसरा बोलका, चटकन निर्णय घेणारा. एचआरने मायर्स-ब्रिग्ज ही स्वभावाचा प्रकार सांगणारी चाचणी सुचवली आहे. तिच्यावरून ठरवावं का?

उत्तर : नको. निवडीसाठी ही चाचणी वापरू नका, असं ती प्रसिद्ध करणारी कंपनीच सांगते. त्यापेक्षा दोघांना एकच प्रश्न विचारा : मागच्या कामात तारीख चुकणार हे केव्हा लक्षात आलं, कोणाला सांगितलं, पुढे काय केलं? स्वभाव तिथे दिसतो.

मग काम तपासा. टर्नर आणि कॉक्रेन या प्रोजेक्ट व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये प्रोजेक्टची विभागणी दोन गोष्टींवर केली : काय हवं ते पक्कं आहे का आणि ते कसं करायचं ते ठाऊक आहे का.

प्रेस हलवताना दोन्ही पक्कं असतं, फक्त वेळ मोजका असतो. पायाचं काँक्रीट २८ दिवस आधी पडलेलं हवं, फाउंडेशन बोल्टची मापं कागदावरून नव्हे, मशिनच्या बेसवरून घेतलेली हवीत, क्रेन ठरलेली हवी. हे काटेकोर मॅनेजरला द्या. मात्र अशी माणसं अडचण लवकर बोलून दाखवत नाहीत. बोल्ट बसला नाही, तर परवानगीची वाट बघण्यात अख्खा दिवस जातो. जागेवर किती खर्च करायची मुभा आहे ते आधीच लेखी द्या आणि सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं लाइनवरच भेटा.

ब्रॅकेट बोलक्याकडे. ग्राहकाला नेमकं काय हवंय ते तोच काढून घेईल. पण धोकाही इथेच मोठा आहे. फोनवर ‘भोक दोन मिलिमीटर सरकवतो’ असं कबूल होतं, साचे बनवणाऱ्या टूलरूमला कळतच नाही आणि डाय, म्हणजे ब्रॅकेटचा साचा, ड्रॉइंगच्या जुन्या रिव्हिजनप्रमाणे (आवृत्तीप्रमाणे) बनते. त्याच्या जोडीला बदलांची नोंद ठेवणारा इंजिनिअर द्याच : रिव्हिजन नंबर, तारीख, कोणी सांगितलं, खर्च कोणाचा, ग्राहकाची सही. सहीशिवाय डायला हात लावू देऊ नका.

ड्रॉइंग फ्रीझ झालं, म्हणजे त्यातले बदल थांबले, की हेच काम पीपॅप (उत्पादनाआधी ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्याची प्रक्रिया), ट्रायल आणि मोजमापांच्या रिपोर्टचं होतं. तेव्हा ते काटेकोर मॅनेजरकडे सोपवा. मात्र दोन आठवडे दोघांनाही त्यावर एकत्र ठेवा, कारण ग्राहकाने तोंडी मान्य केलेल्या सवलती बोलक्यालाच ठाऊक असतात आणि त्या याच काळात कागदावर घ्याव्या लागतात.