पोत्यावरची लेव्ही

प्रिय पोरी,

तुझा कल्याणकारी राज्यावरचा निबंध प्रिंट काढून वाचला. मोबाईलला समास नसतो, आणि समासात भांडल्याशिवाय मला वाचल्यासारखं वाटत नाही. स्वीडन, जर्मनी, म्हातारी होत चाललेली लोकसंख्या, पेन्शनचा बोजा, सगळं नीट मांडलंयस. शेवटचं वाक्य मात्र मी खोडलं. ‘कारखान्याचा भोंगा बंद झाला तेव्हाच कल्याणकारी राज्य संपलं.’ वाक्य झोकदार आहे, म्हणूनच शंका आली.

अर्धं खरं आहे ते. जर्मनीचा चान्सेलर बिस्मार्क याने 1883 साली आजारपणाचा विमा आणला (तोही समाजवाद्यांची हवा काढायला, प्रेमापोटी नव्हे) तेव्हा त्याच्यासमोर हजेरीपट होता. थोडं कामगाराच्या पगारातून कापायचं, थोडं मालकाकडून घ्यायचं. इंग्लंडात 1942 साली बेव्हरिजने सामाजिक विम्यावर अहवाल दिला, त्यातही नोकरदाराचा आणि मालकाचा हप्ता होताच. आपला 1948 चा कामगार विमा, 1952 चा भविष्यनिर्वाह निधी याच सांगाड्यावर उभे राहिले. हजेरीपटावर नाव असेल तर हक्क, नसेल तर नशीब. आता ॲपवरच्या कामात हजेरीपटच नाही म्हटल्यावर सगळं कोसळणार, असं तू म्हणतेस.

पण आपल्या मुंबईत हजेरीपट नसलेली माणसं ॲपच्या आधीही होतीच. मशीद बंदरच्या धान्यबाजारातला हमाल घे. सकाळी एका पेढीचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचं गोदाम, रात्री तिसऱ्याची थप्पी. पाठीवर शंभर किलोचं पोतं आणि मालक विचारला तर उत्तर नाही. व्यापारी म्हणायचा, हा मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणायचा, मी फक्त टोळी जमवतो, काम शेटचं. आज कंपन्या म्हणतात ना, ‘आम्ही फक्त मंच पुरवतो, ही मुलं आमची भागीदार’? पन्नास-साठ वर्षांपूर्वी हीच भाषा धोतर नेसून बोलत होती.

तेव्हा अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींची, तर बाबा आढावांनी पुण्यात हमालांची संघटना बांधली होती. झगडून 1969 चा माथाडी कायदा झाला. गोदीकामगारांसाठी 1948 च्या कायद्याने अशीच व्यवस्था आणली होती, तिचा धागा त्यात होता. या कायद्याची गंमत नीट समजून घे, कारण तुझ्या निबंधात नेमकं हेच राहून गेलंय. ‘मालक कोण’ हा वाद कायद्याने सोडवत बसायचा नाही असं ठरवलं. माल जिथे उतरतो, चढतो, मोजला जातो, तिथे बोर्ड बसवलं. त्यात सरकार, व्यापारी, कामगार तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याची नोंदणी, कामगाराची नोंदणी. मजुरी हमालाच्या हातात न देता बोर्डात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही, म्हणजे व्यापाऱ्याची वेगळी वर्गणी, द्यायची. बोर्ड मजुरी वाटणार आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी बघणार. व्यापाऱ्याने थकवली तर जमीन महसुलासारखी वसुली. हमाल दिवसात सहा ठिकाणी राबला तरी खातं एकच.

वकिलीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक म्हातारा हमाल आला होता. कंबर गेली होती, बसताना टेबलाला धरून बसला. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात चुन्याची डबी, बोर्डाचा बिल्ला आणि घडी घालून घालून चिरलेला एक कागद. त्यावर त्याचा नंबर आणि फंडाची शिल्लक. अक्षर वाचता येत नव्हतं त्याला, पण आकडा कुठे आहे ते ठाऊक होतं. बोट बरोबर तिथेच ठेवून म्हणाला, ‘हे माझं आहे, वकीलसाहेब. दान नाय.’ मी सामाजिक लोकशाहीवर वाचलेली पुस्तकं त्या बोटापुढे फिकी पडली. आता हे मी जरा सजवून सांगतोय असं वाटेल तुला, पण चुन्याची डबी खरंच होती.

लगेच भारावून जाऊ नकोस. या बोर्डांची आज काय अवस्था आहे तेही बघ. लेव्ही चुकवायला व्यापारी थेट रोखीने मजुरी देतात आणि टोळीही घरभाडं थकलं की घेते. माथाडीच्या नावाने बनावट संघटना काढून कारखान्याच्या गेटवर खंडणी मागणारे निघाले. ज्याने पोत्याला हातही लावला नाही तो ‘न उचललेल्या’ मालाची हमाली मागतो. उद्योजक चिडतात ते उगाच नाही. तुझ्या निबंधात त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत यायला हवी, ‘भांडवलदारांचा विरोध’ असं दोन शब्दांत उरकून चालणार नाही.

आणि वर्गणी घेतली म्हणजे हक्क आला असंही नाही. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागला. पैसा भरपूर जमला, वर्षानुवर्षं पडून राहिला, सुप्रीम कोर्टाने राज्यांचे कान उपटले. मग आपल्याकडे वाटप कशाचं झालं? भांड्यांच्या संचाचं. भांडी वाईट नाहीत, माझ्याकडे काम करणाऱ्या बाईच्या घरी त्याच संचातला कुकर आहे. पण गवंड्याला विचार, तुझ्या नावावर किती जमलंय? त्याला सांगता येणार नाही, कारण त्याच्या नावावर काही जमतच नाही. तो निधी आहे, खातं नव्हे. निधीतून जे मिळतं त्यासाठी एजंटला गाठावं लागतं, रांग लावावी लागते, फोटोत हसावं लागतं. माणूस हक्कदाराचा लाभार्थी होतो तो इथे.

हा फरक धरून आताच्या कायद्यांकडे बघ. केंद्राच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे आहेत. वर मर्यादा आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. ही वाट मला बांधकाम उपकराची वाटते: वर्षाकाठी एक रक्कम, एक निधी आणि मग योजना. राजस्थानने 2023 साली वेगळं केलं, प्रत्येक व्यवहारावर शुल्क आणि त्रिपक्षीय मंडळ. तिथे सरकार बदललं आणि अंमलबजावणी रेंगाळली. कर्नाटकने 2025 च्या कायद्यात कामगाराला होणाऱ्या प्रत्येक पेमेंटवर एक ते पाच टक्के ठेवले. ही दुसरी वाट माथाडीची आहे. ॲपमध्ये तर ती मशीद बंदरपेक्षा सोपी. तिथे कारकून पोती मोजायचा आणि चुकायचा. इथे प्रत्येक डिलिव्हरीचा हिशेब सेकंदासकट नोंदलेला असतो. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे 2020–21 मध्ये देशात अशी, पगारी नोकरीबाहेर सुटी कामं करणारी, 77 लाख माणसं होती आणि 2029–30 पर्यंत ती 2.35 कोटी होतील. तेव्हा ‘तंत्रज्ञानामुळे शक्य नाही’ हे वाक्य कुठेही दिसलं तर लाल पेन घे.

‘परवडत नाही’ हेही जपून वाच. कोणाला, आणि आता कोण भरतंय? गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गेटसमोर डिलिव्हरीचा एक पोरगा दुपारी तीन वाजता फुटपाथवर बसला होता. घसरून पडला होता, गुडघा फुटलेला, आणि ऑर्डर वेळेत न पोचल्याने ॲपवरचा आयडी बंद, म्हणजे कामच बंद. मदतीच्या चॅटवर एकच उत्तर पुन्हा पुन्हा येत होतं. वॉचमनने हळद लावली, मी रिक्षाचे पैसे दिले, ड्रेसिंगचे त्याच्या बहिणीने. खर्च झालाच ना? फक्त तो कंपनीच्या ताळेबंदात किंवा अर्थसंकल्पात दिसत नाही एवढंच.

तर निबंध फाडू नकोस, मधे एक भाग घाल. त्याआधी दोन कामं कर. वाशीच्या धान्यबाजारात पहाटे जा, आठला नको, आठला सगळे चहा पिताना दिसतील. टोळीच्या मुकादमाशी बोल आणि लेव्ही भरणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याच्या मुनीमजीशीही. नोटबुक आधीच बाहेर काढू नकोस, लोक भाषण द्यायला लागतात. आणि डिलिव्हरीच्या कुठल्याही एका मुलाच्या आठवड्याच्या कमाईचा स्क्रीनशॉट मिळव, नाव झाकून. पेट्रोल, दंड, इन्सेंटिव्ह, सगळ्या ओळी दिसल्या पाहिजेत. रविवारी तो घेऊन ये. माझ्याकडे माथाडी बोर्डाची एक जुनी पावती जपून ठेवलेली आहे. दोन्ही शेजारी ठेवू आणि पाच टक्के कुठल्या ओळीवर बसतात ते पेन्सिलने काढून बघू.

पोहे मी करतो, तू फक्त वेळेवर ये.

तुझा,
वकीलकाका