गावची शाळा किती बदलली? रजिस्टरातला शेवटचा रकाना वाचा

प्रश्न असा आहे: "तुम्ही ज्या गावच्या शाळेत शिकलात तिच्या आठवणी सांगा. आता ती शाळा किती बदलली?"

हाच प्रश्न मागच्या वर्षी दिसला असता तर दगडी पाटी, चिंचेचं झाड, गुरुजींची छडी एवढं लिहून मोकळा झालो असतो. पण मध्यंतरी मुलीच्या जात पडताळणीसाठी माझा आणि माझ्या वडिलांचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेत नाव दाखल झाल्या-सुटल्याच्या नोंदीची नक्कल, लागला. त्यासाठी शाळेत गेलो आणि जुनी जनरल रजिस्टरं चाळत दोन तास तिथंच बसलो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

गाव बीड जिल्ह्यातलं, डोंगरपट्ट्यातलं. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला, पण आमची शाळा त्याच्याही आधीची. पहिलं रजिस्टर १९५७ चं आहे. पानांच्या कडा हाताला लागल्या की भुगा होतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावच्या शाळांतली अशी रजिस्टरं पेट्यांतून बाहेर निघाली. त्याआधी ती कुठं होती हे आमच्या शाळेतही कोणाला सांगता येत नव्हतं. आता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात आहेत, आणि किल्ली शाळेच्या मॅडमच्या पर्समध्ये.

मॅडमनी आधी अण्णांची नोंद शोधून दिली. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मतारीख १ जून. माझी नोंद उघडली, १ जून. माझ्या वर्षी पहिलीत दाखल झालेल्या एकतीस पोरांपैकी बावीस जणांची १ जून. महाराष्ट्रातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं आणि तारीख पडली १ जून. म्हणूनच आपल्याकडं दर ३१ मे ला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. आमच्या आईच्या हिशेबानं मी पोळ्याच्या आदल्या दिवशीचा आहे, पण तिला विचारतंय कोण.

माझी शाळा म्हणजे दगड-मातीची एक खोली, वर पत्रे. पहिली-दुसरी खोलीत, तिसरी-चौथी मारुतीच्या देवळात. पावसात पत्र्यावर असा आवाज व्हायचा की गुरुजी शिकवणं थांबवून उजळणी म्हणायला लावायचे, कारण ओरडून म्हणता येईल असं तेवढंच होतं. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. दप्तर युरियाच्या पोत्याचं, बसायला घरून आणलेलं बारदान. पाटी पुसून हवेत हलवत "चिमणी चिमणी वारा घाल" म्हणायचं. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी मुली सारवायच्या आणि आम्ही आडावरून पाणी शेंदून आणायचो. मुलींनीच का सारवायचं, हा प्रश्न तेव्हा एकालाही पडला नाही. मलाही नाही.

हे सगळं आठवताना मन हळवं होतं, पण थोडं खरंही बोलू. मार फार बसायचा. निरगुडीचा फोक तोडून आणायला ज्याला मार बसणार त्यालाच पाठवायचे, आणि बारका फोक आणला तर दुप्पट. "त्या मारानंच आम्ही घडलो" असं सांगणारे माझ्या वयाचे बरेच भेटतात. जे मार खाऊन पळाले आणि परत आलेच नाहीत, ते हे सांगायला असल्या ठिकाणी येत नाहीत, इतकंच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि मारणं, टाकून बोलणं कायद्यानंच बंद झालं. बरं झालं.

तरी गुरुजींबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही. ते गावातच राहायचे, पाटलाच्या वाड्यातल्या मागच्या खोलीत. सकाळी काठी घेऊन घरोघर फिरून पोरं गोळा करायचे. गावातली पत्रं तेच वाचायचे, मनीऑर्डरीचा फॉर्म तेच भरायचे. 'दिपोटी' येणार म्हटलं की आठवडाभर आमची आणि गुरुजींची दोघांचीही झोप उडायची. दिपोटी म्हणजे तपासणीला येणारे डेप्युटी साहेब. त्यांनी अमक्याला तमक्याचा पाढा विचारला आणि त्यानं तो चुकवला, अशा गोष्टी गावात वर्षभर चघळल्या जायच्या.

आता रजिस्टराकडं येतो. या रजिस्टराच्या उजव्या अंगाला एक रकाना असतो: शाळा सोडल्याचे कारण. मी आयुष्यात तो कधी नीट वाचला नव्हता. माझ्या मते गावची शाळा कशी बदलली हे तिथंच लिहिलेलं आहे, भिंतीच्या रंगावर नाही.

अण्णांच्या पुढं लिहिलंय: "ढोरे वळण्यास." दुसरीत शाळा सुटली. त्या पानावर अशी सात नावं आहेत. अण्णांना पावकी, निमकी, अगदी औटकीसुद्धा (पाव, अर्धा, साडेतीनचे पाढे) तोंडपाठ होती, बाजारात सव्वातीन शेराचा हिशेब बोट न मोडता करायचे, पण सही म्हणजे अंगठाच राहिला. पाढे ऐकून पाठ झाले होते, लिहायचं राहून गेलं.

माझ्या काळात, म्हणजे १९८१ ते ८५, सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द "सतत गैरहजर". माझ्या शेजारी बारदानावर बसणारा एक दोस्त होता, गणितात माझ्या पुढं. दसरा झाला की त्याचे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे आणि त्यालाही घेऊन जायचे, कारण मागं सांभाळायला कोणी नव्हतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असली की गावात थांबायची सोय नसते. पाडव्याच्या आसपास परत यायचा तेव्हा आमचे अर्धे धडे होऊन गेलेले असायचे. तिसऱ्या वर्षी तो परत बसलाच नाही. साताऱ्याकडं कुठल्या तरी उसाच्या फडात लहान भावाला सांभाळत आणि वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करत होता. रजिस्टरात मात्र तो 'गैरहजर'. गैरहजर तो होता की दुसरं कोणी, हे त्या रकान्यात मावत नाही.

माझ्या बहिणीच्या नावापुढं तर वाईट असं काहीच नाही. "इयत्ता चौथी उत्तीर्ण." बस्स. रजिस्टराच्या लेखी तिचं सगळं नीट पार पडलं. पाचवीची शाळा साडेतीन किलोमीटरवर, मध्ये ओढा, मी सायकलवर जायचो आणि तिला कोणी पाठवलं नाही. ती अजूनही घरातला किराण्याचा हिशेब माझ्याहून चोख ठेवते.

पुढची रजिस्टरं चाळताना ही कारणं कमी होत जाताना दिसतात, आणि हे मान्य करायला हवं. १९८७ च्या सुमाराला खडू-फळा योजना आली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि विज्ञानाच्या साहित्याची एक पेटी. खोल्या झाल्या, पेटी मात्र फुटेल-हरवेल या भीतीनं कुलपातच राहिली. १९९५ मध्ये पोषण आहार आला. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ पोराच्या घरी जायचा. पुढं २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं शिजवलेलं अन्न द्यायचं ठरलं आणि शाळेत खिचडीचा वास सुरू झाला. गरीब घरच्या मुलींना रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. रुपयानं काय होतं म्हणून तेव्हा मीही हसलो होतो. ऊसतोडीच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं झाली, आजी-आजोबांजवळ मागं राहिलेल्या पोरांची जेवणाची सोय झाली. २००५ नंतरच्या पानांवर "सतत गैरहजर" शोधावं लागतं. एवढं मोठं काम झालं आणि गावात त्याची कोणी पानाच्या टपरीवरसुद्धा चर्चा केली नाही.

आणि मग एक नवंच कारण सुरू होतं: "पालकांच्या विनंतीवरून."

आधी पानात एखादं, मग चार-पाच, मग ओळीनं खाली खाली तेच. अक्षर बदलतं, शिक्षक बदलतात, कारण तेच राहतं. गंमत म्हणजे इंग्रजीसाठी पोरं बाहेर निघाली, पण आमच्या शाळेत इंग्रजी नव्हतं असं नाही. आम्हाला ते पाचवीपासून होतं. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यभर पहिलीपासून सुरू झालं. पण पालकांना विषय नको होता, बूट-टाय हवा होता आणि दारात येणारी पिवळी गाडी हवी होती. त्याच वर्षी शिक्षणसेवक योजनाही आली. प्राथमिकच्या नव्या शिक्षकाला महिन्याला ३,००० रुपये मानधन. तेवढ्यात गावात खोली घेऊन राहणारा माणूस कुठून मिळणार? शिक्षक तालुक्याहून ये-जा करू लागले. सकाळी काठी घेऊन दारात येणारं कोणी उरलं नाही, दारात आली ती गाडी.

पटावर, म्हणजे शाळेत नोंदवलेल्या पोरांच्या यादीत, जादा नावं दाखवायचा खेळ कुठवर गेला होता ते २०११ च्या ऑक्टोबरात दिसलं. ३ ते ५ तारखेला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली. माझा मुलगा तेव्हा याच शाळेत दुसरीत होता. घरी येऊन मला बोट दाखवत म्हणाला, "पप्पा, मी मतदान केलं." आम्ही खूप हसलो.

आज शाळेला काय नाही ते सांगा. भिंतींवर रेल्वेचे डबे रंगवलेत, फरशीवर अंक आणि बाराखडी, हात धुवायला नळांची रांग, मुलींचं वेगळं स्वच्छतागृह, लोकवर्गणीतून आलेला टीव्ही. पुस्तकात क्यूआर कोड आहेत. हा कोड पाठ्यपुस्तकात आणणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते, त्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आमच्या मॅडम तिसरीच्या पोरांना बटाटा अर्धा-पाव कापून अपूर्णांक शिकवत होत्या. माझ्या गुरुजींनी चौथीपर्यंत मला असं एकदाही शिकवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. शिकवणं आमच्या वेळेपेक्षा चांगलं आहे.

फक्त चारी वर्ग मिळून पट आहे एकोणीस.

दोन शिक्षक, चार वर्ग. त्यात एक जण मतदार यादीच्या कामाला किंवा तालुक्याला मीटिंगला. मी होतो त्या दोन तासांत मॅडमनी खिचडीचे आकडे मोबाइलवर भरले, कसल्याशा उपक्रमाचे फोटो तीन ग्रुपवर टाकले, मला उतारे लिहून दिले आणि मध्ये बटाटा कापला. पट वीसच्या खाली गेला की शिक्षकांची झोप उडते. २०१७ मध्ये दहाच्या खालच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं होतं, २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं निघालं. समूह शाळा म्हणजे पुन्हा तीन-चार किलोमीटर आणि मध्ये ओढा. माझ्या बहिणीची गोष्ट तुम्ही वर वाचलीच.

पोरं बाहेर नेणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मीही गावात सप्त्याला गेलो की पारावर बसून ठेवायचो. त्या दिवशी उतारे घेऊन झाल्यावर मॅडमनी विचारलं, "काका, अजून कोणाचा काढायचाय का? रजिस्टर काढलंच आहे तर बघून घ्या." मी म्हटलं, सहज २०१० चं पान दाखवा. दाखवलं. मुलाचं नाव, जन्मतारीख खरी, दवाखान्यातली. पुढं उजवीकडं: "पालकांच्या विनंतीवरून." खाली दाखला मिळाल्याची माझी सही. शाई लावली त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. त्यानंतरच्या मुलीला तर या शाळेची पायरीसुद्धा चढू दिली नाही. तेव्हाच्या सरांनी मला दोनदा घरी येऊन विनवलं होतं की हे वर्ष राहू द्या, पट कमी होतो. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मुलगा शिकला, नोकरीला लागला. गावातच राहिला असता तर लागला नसता असं मी म्हणू शकत नाही, लागलाच असता असंही नाही.

निघताना मॅडम फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "काका, पहिलीला यंदा तीनच नावं आलीत. तुमच्या भावकीत कोणी पाच-सहा वर्षांचं असेल तर सांगा ना, मी येऊन बोलते घरी."

चुलतभावाची नात आहे सहा वर्षांची. गाडीच्या फीचे पैसे भरलेत म्हणून ऐकलंय. "विचारून सांगतो," म्हणालो आणि गाडीला किक मारली.

अजून विचारलेलं नाही.