उत्तर फक्त कामाचं द्यायचं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रात्री उशिरा आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे बँकेशी हिशेब जुळवताना, दोन नोंदी राहिल्या आणि तुझे मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "लग्न नाही, घरची जबाबदारी नाही, रात्रभर जागायचं आणि सकाळी इथे येऊन अशा चुका करायच्या." त्याआधी डब्यातल्या सुकटीवरून बोलले, त्याच्याही आधी केस कापलेस म्हणून. शेवटी तू विचारलंयस, "मीच फार मनाला लावून घेते का?" नाही. चारचौघांत असं बोललं की लागतंच. तुझ्यात काही कमी आहे म्हणून ते लागलं, असं मनात आणू नकोस.

आपल्याकडे ऑफिसात घरगुती चौकशी चालते. जेवलीस का, गावी कधी जाणार, लग्नाचं बघतायत का, हे विचारणारी माणसं बहुतेक वेळा मायेनेच विचारतात, आणि त्यातल्या प्रत्येकाशी भांडत बसलीस तर एकटी पडशील. पण मायेने विचारणारा माणूस एकदा "सर, हा विषय नको" म्हटलं की थांबतो, आणि तुझी चूक दाखवताना तुझं लग्न मध्ये आणत नाही. तुझे मॅनेजर आणतात. म्हणून याला घरगुती म्हणून सोडून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यांचं ते वाक्य पुन्हा वाच. त्यात दोन गोष्टी आहेत. दोन नोंदी राहिल्या, ही कामाची. ती खरी आहे आणि ती ऐकून घ्यायची. २० तारखेला जीएसटीचं महिन्याचं ३बी विवरणपत्र भरायचं असताना बँकेच्या नोंदी जुळलेल्या नसतील, तर कोणताही साहेब चिडेल. लग्न, जागरण, जबाबदारी, ही दुसरी. तिच्याशी ऑफिसचा काही संबंध नाही. दोन्ही एकाच दमात आल्या की आपण दुखावतो आणि दुसरीला उत्तर द्यायला जातो. मग खऱ्या चुकीबद्दल बोलायचं राहतं आणि "हिला काही सांगायची सोय नाही" असं नाव पडतं. उत्तर पहिलीलाच दे. "सर, दोन नोंदी राहिल्या, दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठवते. घरचा विषय मात्र कामात नको." एवढंच, साध्या आवाजात. आणि बोलताना हसू नकोस. मुलींना लहानपणापासून सवय लागते, कडक काही बोलायचं झालं की सोबत हसायचं, म्हणजे समोरच्याला वाईट वाटायला नको. त्या हसण्यामुळे समोरच्याला वाटतं, हिला चालतंय.

खुलासा तर अजिबात देऊ नकोस. "मी फक्त बुधवारीच मासे आणते सर" म्हणालीस, की गुरुवारी ते तुझ्या डब्याकडे बघणार. "स्थळं बघणं चालू आहे" म्हणालीस, की महिन्याभरात "काय झालं त्या स्थळाचं?" सुरू. कारण सांगितलं म्हणजे विचारायचा हक्क मान्य केला. केस का कापले याला कारण असायलाच हवं, असं कुठे आहे? कॅन्टीनमध्ये मांसाहारी डबा नको असा कंपनीचा नियम असेल, तर तो सगळ्यांना सारखा आणि लेखी असायला हवा. तसा नसेल तर सुकट तुझी आणि डबाही तुझा.

माझ्या नोकरीतल्या एका सहकारी बाईंची आठवण येते. नवरा गेल्यावर महिन्याभराने त्या कामावर आल्या, कपाळाला टिकली, केसात नेहमीसारखा गजरा. साहेब फाइलवरून नजर वर करून म्हणाले, "अहो, लोक काय म्हणतील?" बाई तशाच उभ्या राहिल्या, पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, "साहेब, तिसऱ्या पानावर सही राहिलीय." साहेबांनी सही केली. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा गजरा घालून आल्या. मला त्यांचं फार कौतुक वाटतं, अजूनही. आवाज न चढवता त्यांनी साहेबांना परत कामावर आणलं होतं.

आता थोडं कोरडं, पण गरजेचं. एक वही कर, घरी ठेवायची, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही. तारीख, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं, एवढंच लिहायचं. कामाबद्दल तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाक: अमुक चूक निदर्शनास आणलीत, अमुक वाजता दुरुस्त केली. अप्रेझलच्या वेळी "हिचं लक्ष नसतं" असं कोणी म्हणालं, तर वर्षभराच्या तारखा तुझ्या हाताशी असतील. आणि त्या जोरावरच तुला त्यांच्या वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे जाता येईल. तिथेही "मला वाईट वाटलं" इथून सुरुवात करू नकोस. माझ्या कामाचं मूल्यमापन माझ्या लग्नावरून होतंय, हे सांग आणि तारखा समोर ठेव.

कायद्याचंही विचारलंयस. डबा, केस किंवा लग्नावरून टोमणे मारले एवढ्यावर २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा लागत नाही. तशी खोटी आशा मी लावणार नाही. पण बोलणं शरीरावर किंवा लैंगिक सुरात गेलं, तर लागतो. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि घटनेपासून ३ महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार द्यायची. शिवाय महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बढती, बदली, प्रशिक्षण आणि पगार यांत बाई म्हणून भेदभाव करायला मनाई आहे. म्हणजे टोमण्याचा परिणाम बढतीवर झाला, तर तुझ्या वहीला खरी किंमत येते.

१९६५ साली मुंबईच्या एका औषध कंपनीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. तिथे एका खात्यात नियमच होता, मुलीने लग्न केलं की नोकरी संपली. लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात, असं कंपनीचं म्हणणं. कामगार संघटना लढली आणि कोर्टाने तो नियम रद्द ठरवला. तेव्हा लग्न केलं म्हणून बाईचा भरवसा नव्हता, आज केलं नाही म्हणून तुझा नाही. तुझं लग्न झालं की हे थांबेल, अशी समजूत करून घेऊ नकोस. मग मुलाबाळांवरून सुरू होईल.

राजीनाम्याचं म्हणतेस, तर रागात देऊ नकोस. दुसरीकडे अर्ज मात्र आतापासून कर. हातात दुसरं काही आहे म्हटलं की बोलताना आवाज आपोआप स्थिर राहतो. आणि दोन-तीन महिने नीट सांगूनही ते थांबले नाहीत, वरच्यांनीही कानावर घेतलं नाही, तर खुशाल सोड. असल्या माणसाखाली झिजण्यासाठी तू रात्री जागून परीक्षा दिल्या नाहीस.

सोमवारी त्यांच्याशी बोलायचं ठरवलंस तर रविवारी संध्याकाळी मला फोन कर. ते वाक्य माझ्यासमोर मोठ्याने म्हण. पहिल्यांदा आवाज कापेल. कापायचा बंद होईपर्यंत म्हणत राहू.

तुझी,
ताई