हिरव्या लागवडीत पाखरे कमी का?

प्रश्न : जांबोटीजवळच्या आमच्या घराच्या एका बाजूस अकेशियाची दाट लागवड आहे आणि दुसऱ्या बाजूस जुने रान. दोन्ही सारखीच हिरवी दिसतात, पण लागवडीत पाखरांचा आवाज फारसा नसतो. असे का? आमच्या काजूबागेलगतच्या रानपट्टीतील झुडपे व वाळलेली झाडे काढावीत काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : रान किती हिरवे आहे यापेक्षा ते जमिनीपासून शेंड्यापर्यंत किती थरांनी भरलेले आहे, याला पक्ष्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्व असते. रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर या संशोधकांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील रानांविषयी हेच दाखवून दिले : झाडांच्या जाती मोजण्यापेक्षा पानोरा, म्हणजे पानांचा पसारा, कोणकोणत्या उंचीवर आहे हे पाहिल्यास पक्ष्यांच्या विविधतेचा अंदाज अधिक नेमका येतो. आपल्या सदाहरित रानात फळझाडे, वेली आणि ढोल्या यांचाही वाटा मोठा असतो.

आपल्या जुन्या रानात सकाळी थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे. राखी रानकोंबडा पाचोळा उकरत असतो. कारवी-करवंदीच्या जाळीत बुलबुल घरटी करतात. मधल्या सावलीत कर्णा पक्षी फांदीवर निश्चल बसतो आणि एकाएकी झेप घेऊन पानावरचा कीटक उचलतो. शेंड्यावरून निखार पाखरांचे थवे सरकत असतात, आणि त्यांच्या मागोमाग हिंडणारा भृंगराज पक्षी त्यांच्या हालचालीने उठलेले किडे हवेतच पकडतो. एकाच वेळी लावलेल्या, एकाच उंचीच्या अकेशियात मधला थर जवळजवळ नसतोच, खालचा विरळ असतो आणि ढोली पडण्याइतके जुने खोडही नसते. त्यामुळे तिथे येणारी पाखरे बहुधा कुठेही निभावणारी असतात.

म्हणून झुडपे सरसकट तोडू नयेत. रानमोडी किंवा टणटणी ही बाहेरून आलेली झुडपे माजली असतील तर तेवढीच काढावी. वाळलेले झाड वाटेवर किंवा घरावर कलले नसेल तर ते उभेच राहू द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. सुतार पक्षी त्यात ढोली कोरतो आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, साळुंक्या, पिंगळे संसार मांडतात. धनेशाला मात्र स्वतः ढोली कोरता येत नाही; त्याला मोठ्या, जुन्या झाडाची नैसर्गिक पोकळीच लागते. मादी तीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला फळे भरवतो, तेव्हा ते एक झाड गेले की त्या जोडीची विणीची जागाच जाते.

हा सल्ला खानापूरच्या पावसाळी रानापुरता आहे. बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेस, सौंदत्ती-अथणीकडील उघड्या माळांवर चंडोल आणि धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. तिथे दाट झाडे लावली तर त्यांचा अधिवास नष्ट होतो, हे त्या भागातील वाचकांनी वृक्षारोपणाची जागा ठरवण्यापूर्वी अवश्य लक्षात घ्यावे.